गच्चीवरची काळी खुर्ची

"खुर्ची जागची हलवलीस, तर सांगत जा गं," असं शिवणकाम करणाऱ्या बाईचे वडील तिला फार वर्षांपूर्वी म्हणायचे. आज फर्निचरच्या दुकानात, बिलाच्या रांगेत, पुढे काळी लोखंडी खुर्ची घेऊन उभ्या असलेल्या नवरा-बायकोचं बोलणं तिच्या कानी पडलं.

"गच्चीवर दिवसभर ऊन. काळ्या लोखंडावर बसाल नि पोळून उठाल."

"गादी घालीन."

"रस्त्याची धूळ येते. काळ्यावर नुसतं बोट फिरवलं तरी उमटतं. रोज फडकं कोण मारणार?"

"मी."

"तुम्ही? प्यायलेला कप कधी जागचा उचलला नाहीत."

"आता उचलीन."

"उन्हानं वर्षात रंग विटेल."

"परत रंगवीन. काळाच."

"आणि घरच्या दोन पांढऱ्या धडधाकट खुर्च्या? सरळ सांगा ना, माझ्या भावानं दिल्या म्हणून नकोत."

"त्याचं नाव कशाला मध्ये आणतेस?"

"मग कारण सांगा. नाहीतर मी ही इथेच ठेवून निघते."

रांग पुढे सरकली. तो खुर्चीची पाठ धरून तिथेच उभा राहिला.

"परवा गच्चीवर पडलो, तेव्हा माझा पाय घसरला नव्हता. पांढऱ्या भिंतीपुढे ती पांढरी खुर्ची मला दिसलीच नाही. अंदाजानं बसायला गेलो."