अप्पांच्या सायकलीचा गिअर

घरी सायकल जोडणं सोपं म्हणायलाव? ऐका. अप्पांची, म्हंजे माझ्या वडलांची, जुनी सायकल खोलून मी त्यांच्यासाठीच नवा गिअर बसवलो. पण मागं एक गिअर पडला की दुसरा उडायचा. तीन दिवस वायर ताणलो, स्क्रू फिरवलो. शेवटी मैलूरचा मिस्त्री आला, मागनं एक डोळा मिटून बघितला.

"गिअर अडकवायचा हूक वाकलाय. गाडी उजव्या अंगाला पडलीय."

"कवाच न्हाई! अप्पा, सांगा की ह्यास्नी."

अप्पा खाली बघत म्हणले, "तीनदा पडलो. दिसंना झालंय, बाबा. सांगितलो असतो तर तू सायकल बंद केला असतास."

मिस्त्रीनं हूक सरळ केला. आता सायकल मीच चालवायलोय. अप्पा दारात बसून, कितवा गिअर पडला ते आवाजावरनं सांगतेत.