लाल झालेला पडदा

तुम्हाला खरं वाटणार नाही, पण माझ्या आईला एका कॉम्प्युटरनं वाचवलं. कोल्हापूरच्या दवाखान्यात ती गुडघ्याच्या कळांनी विव्हळत होती. डॉक्टरांनी खाटेशेजारच्या कॉम्प्युटरवर वेदनाशामक इंजेक्शन लिहिलं, तोच पडदा लाल झाला. नुकताच आलेला रक्ताचा रिपोर्ट बघून त्यानं बजावलं, 'किडनी अशक्त आहे, हे औषध धोक्याचं.'

"थोडक्यात वाचलो," म्हणत डॉक्टरांनी औषध बदललं.

मी शेजारी उभ्या नर्सला विचारलं, "सिस्टर, हा रोज असाच अडवतो?"

"पूर्वी ऊठसूट अडवायचा हो. कुणी वाचतच नव्हतं, सगळे ओके दाबून मोकळे. आता सुधारलाय. जिवावर बेतणार असेल तरच बोलतो, एरवी गप्प."

आई कळ विसरून पडद्याकडं बघतच राहिली. "एरवी गप बसतोय? मग ह्यो आपल्या कोल्हापूरचा न्हाय!"