दुकानाच्या तोंडचा शब्द

(केसांचे टोप बनवण्याचं छोटं दुकान. दुपारचे साडेतीन. वडील खिडकीशी सुईकामाला बसलेले, मुलगी लॅपटॉपसमोर.)

मुलगी : …मग एकदा नीट वाचा तरी, बाबा. दुकानाची वेबसाइट करणारी बाई पाच वाजता मजकूर मागणार आहे.

वडील : वाचतोय. चष्मा पुसू दे. 'तुझे केस गळताहेत? घाबरू नकोस. आम्ही आहोत ना तुझ्यासोबत.' हे आपल्या दुकानाच्या तोंडून?

मुलगी : हो.

वडील : परवा ते निवृत्त न्यायाधीश येऊन गेले. त्यांना मी म्हणू, घाबरू नकोस?

मुलगी : ते साइट बघून येत नाहीत, वीस वर्षांच्या सवयीनं येतात. मी नव्या लोकांचं बोलतेय. चौकातल्या त्या नव्या दुकानाची साइट पाहिलीत? सगळीकडे तू. 'तुझा लूक, तुझी मर्जी.' तिथे शनिवारी बसायला जागा नसते. आपल्याकडे या महिन्यात नवं माणूस आलं ते एकच, तेही पत्ता विचारायला.

वडील : माझाही मजकूर दिला होता मी तुला. सुवाच्य अक्षरात.

मुलगी : 'आपले केस गळत असल्यास आपण आमच्याशी संपर्क साधावा.' हे वाचलं की पालिकेची नोटीस वाटते, उद्या नळाला पाणी येणार नाही. आणि लगेच खाली, 'आपण मिळून योग्य टोप निवडू.' पहिलं आपण म्हणजे गिऱ्हाईक, दुसरं आपण म्हणजे गिऱ्हाईक आणि तुम्ही. वाचणाऱ्याला वाटेल, दोघांचेही केस गेलेत.

वडील : माझे गेलेतच की.

मुलगी : हसू नका हो. सकाळपासून एक ओळ धड सुचत नाहीये मला.

वडील : बरं. मग हे पुढचं काय आहे? 'तू खचला', मग तिरकी रेघ, मग 'खचली असशील'.

मुलगी : तू म्हटलं की बाई का पुरुष ते सांगावंच लागतं. आलास का आलीस, खचला का खचली. म्हणून दोन्ही लिहिलंय.

वडील : ज्याला आरशातला स्वतःचा चेहरा ओळखू येत नाही, त्याच्यापुढे रेघ मारून विचारायचं, यातला तू कोणता? तुम्ही म्हटलं की ही भानगडच राहत नाही. 'तुम्ही खचला असाल.' कुणीही वाचावं, कुणालाही लागू.

मुलगी : पण तुम्ही म्हटलं की मध्ये टेबल येतं, बाबा. तू म्हटलं की माणूस शेजारी येऊन बसल्यासारखं वाटतं.

वडील : तू आईला तू म्हणतेस आणि मला तुम्ही. म्हणजे ती शेजारी आणि मी टेबलापलीकडे?

मुलगी : तसं नाही.

वडील : थोडं आहे. तक्रार नाही माझी. पण तुझ्या मनात काही वेगळंच दिसतंय. मजकूर काय, आज नाही तर उद्या देता येईल. दर दोन मिनिटांनी दाराकडे का बघतेयस?

मुलगी : ऐकून घ्याल ना सगळं? मी तो मजकूर शुक्रवारी अकरा जणांना पाठवला. आपल्या जुन्या गिऱ्हाइकांना. वाचून कसं वाटतं ते सांगा म्हणून.

वडील : मला न विचारता.

मुलगी : विचारलं असतं तर नाहीच म्हणाला असतात. दहा जणांनी उत्तरं दिली. बस चालवणारे काका म्हणाले, आवडलं, दोस्तानं खांद्यावर हात ठेवल्यासारखं वाटलं. गाण्याच्या बाईंनी नुसता अंगठा पाठवला. बँकेतल्या बाई म्हणाल्या, लिहा खुशाल, पण मला कुणी तू म्हणायचं नाही. बाकीच्यांचंही असंच, थोडं इकडे थोडं तिकडे.

वडील : आणि अकरावं कोण?

मुलगी : ती स्पर्धेत पोहणारी.

वडील : तिला पाठवलंस?

मुलगी : एकोणीस वर्षांची आहे ती. मला वाटलं, मी ज्यांच्यासाठी लिहितेय ती हीच मंडळी. तिनं शुक्रवारीच वाचलंय, फोनवर तसं दिसतं. पण उत्तर नाही. आणि आज दोन वाजता तिची शेवटची फिटिंग होती.

वडील : मगाशी म्हणालीस, बस चुकली असेल.

मुलगी : तुमच्या जिवाला घोर नको म्हणून म्हणाले. दोनदा फोन केला. वाजतो आणि बंद होतो.

वडील : पहिल्यांदा आली तेव्हा आईला बाहेरच्या बाकावर बसवून एकटी आत आली होती. डोक्यावरची टोपी काढायला तिला पाऊण तास लागला. मी सुई ओवत बसलो. इतकं जपून आत आलेलं माणूस, आणि तू त्याला फोनवर…

मुलगी : बोला ना. थांबलात का?

वडील : तुला बोलून आता काय होणार आहे.

मुलगी : दुसरंही येतं मनात. शुक्रवारीच तिची केमो होती. मजकुरामुळे आली नसेल तर दोष माझा. आणि मजकुरामुळे नसेल, तर ते त्याहून वाईट. यातलं काय खरं निघावं म्हणू मी?

वडील : तिच्या आईचा नंबर वहीत आहे. लाव.

मुलगी : आणि त्यांच्या आवाजावरूनच कळलं तर?

वडील : मी बोलतो. दे इकडे. कधीतरी कुणालातरी बोलावंच लागतं. …थांब. दार वाजलं.

पोहणारी : येऊ का? फार उशीर झाला मला.

वडील : या, या. आधी बसा. पाणी घेता?

पोहणारी : घेते. आज तपासणीला नंबरच लागेना. माझा फोन आईच्या पिशवीत, आणि आई हॉस्पिटलातच, औषधांच्या रांगेत. तिला तिथे काही ऐकू येत नाही.

मुलगी : आम्ही जरा घाबरलो होतो. म्हणजे मी घाबरले होते.

पोहणारी : त्या मेसेजमुळे? उत्तर लिहिलं होतं मी. तीनदा. तिन्ही वेळा खोडलं.

मुलगी : वाईट वाटलं?

पोहणारी : मजकूर चांगला आहे तुमचा.

मुलगी : तसं नको. खरं सांगा.

पोहणारी : मला तू आधीही सगळे म्हणायचे, वयानं लहानच आहे मी. पण आमचे कोच काठावरून ओरडायचे, 'तू पोहतेयस का आंघोळ करतेयस?' त्याचं काही वाटायचं नाही. आता अनोळखी माणसंसुद्धा आवाज खाली आणून तू म्हणतात. रक्त घेणारे, रांगेतल्या बायका, आईच्या ऑफिसातले लोक. घाबरू नकोस हं. मी घाबरलेली नसते, ते म्हणाले की घाबरते. तुमचा मजकूर वाचताना तोच आवाज ऐकू आला. वाटलं, आता तिथे गेल्यावरही तसंच. आज पायऱ्यांशी येऊन दहा मिनिटं उभी होते.

मुलगी : चुकलं माझं. सगळीकडे तुम्ही करून टाकते.

पोहणारी : नुसत्या तुम्हीनं काय होणार? हॉस्पिटलच्या कागदांवर तुम्हीच असतं. 'तुम्ही उपाशीपोटी यावे.' ते वाचूनही परत फिरावंसं वाटतंच.

मुलगी : मग काय हवं?

पोहणारी : ते मला नाही सांगता येणार. पण त्या पहिल्या दिवशी मी टोपी काढली तेव्हा डोक्यावर एक केस नव्हता. यांनी वही उघडली, पेन्सिल घेतली आणि विचारलं, 'तुम्ही भांग कुठून पाडता?'

मुलगी : पाडता?

पोहणारी : पाडायचात नाही. पाडता. जशी काही मी सकाळीच कंगवा फिरवून निघाले होते. मी म्हटलं, डावीकडून. बाहेर गेले आणि आईला म्हटलं, इथेच करू.

वडील : मी सगळ्यांनाच विचारतो ते. त्याशिवाय टोपाच्या जाळीत केस कुठून भरायला घ्यायचे ते कळत नाही.

मुलगी : बाबा, हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत.

वडील : त्यात सांगण्यासारखं काय आहे?

मुलगी : पहिली ओळ हीच घालू? यांना चालणार असेल तर. बाकीचं सगळं काढते. घाबरू नकोस, सोबत, ती तिरकी रेघ.

पोहणारी : मला चालेल. पण त्याच्या खाली काय लिहाल?

मुलगी : माहीत नाही. सव्वाचार झालेत आणि माझ्याकडे एक ओळ आहे. तीही माझी नाही. आणि एवढं करून लोक चौकातल्या दुकानातच गेले तर?

वडील : जातील. तेही होईल. आता तुम्ही जरा मान पुढे करा, टोप बसवतो. कानामागे टोचतंय?

पोहणारी : नाही.

वडील : कपाळाशी?

पोहणारी : नाही. हलकं आहे. मला जड वाटेल असं वाटलं होतं.

मुलगी : हॅलो? हो, मीच. नाही, पाचला नाही जमणार. तयार होता मजकूर, आता नाही. उद्या सकाळी देते. मी मागून फोन करू का? आत गिऱ्हाईक आहे.

वडील : झालं. आरसा देऊ?

पोहणारी : थोडं थांबा. आधी नुसतीच बसते.

वडील : बसा ना. आरसा कुठे पळून जात नाही.