सरांची चिठ्ठी

(अकोला. दुपारचे तीन. क्लासेसच्या रस्त्यावरचं एक मेडिकल. काउंटरच्या आत तोंडाला मास्क लावलेली आचल, बाहेर शेषराव.)

शेषराव : पुतणीसाठी हवी आहे, असं सांगितलं ना मी. नीटची परीक्षा आहे तिची. पेपरात हात थरथरतात. एक पाकीट द्या, म्हणजे झालं.

आचल : ही गोळी अशी देता येत नाही, काका. डॉक्टरची चिठ्ठी लागते.

शेषराव : चिठ्ठी आहे. मोबाइलमध्ये फोटो आहे. हा बघा.

आचल : गीतांजली. वय चव्वेचाळीस. चव्वेचाळिसाव्या वर्षी नीट देऊन राहिली का तुमची पुतणी?

शेषराव : दुसराच फोटो उघडला असेल. गोळीचं नाव मी कागदावर वेगळं लिहून आणलं आहे. ते तरी बरोबर आहे.

आचल : द्या. हे अक्षर कोणाचं आहे?

शेषराव : माझंच. का?

आचल : गोळीचं नाव एवढं टपोरं मराठीत, अन् खाली फळ्यावरच्या सुविचारासारखी रेघ. आमच्याकडे असं कोणी लिहून आणत नाही. शेषराव सर आहे ना तुमी?

शेषराव : आपण कोण?

आचल : मास्क काढते, थांबा. आचल. फुलवाल्या मनोजची पोरगी. चौथीपर्यंत तुमच्याच वर्गात होती मी.

शेषराव : आचल. अरे वा. मोठी झालीस. बरं, बाबांना नमस्कार सांग. मी निघतो, बसची वेळ झाली.

आचल : बाळापूरची बस दर अर्ध्या तासानं आहे, सर. अन् बाळापुरात मेडिकल नाही का? इतक्या दूर कावून आले?

शेषराव : इकडे काम होतं.

आचल : तुमाले पुतणी नाही. भाऊच नाही तुमाले. एक पोरगा आहे, सोहम, तो पुण्याले नोकरी करते. गोळी कोणासाठी पायजे?

शेषराव : तू दुकानदार आहेस की पोलीस?

आचल : फार्मासिस्ट आहो. म्हणून विचारून राहिली.

शेषराव : तर मग माझ्यासाठी. झालं समाधान? माझी परीक्षा आहे रविवारी. शिक्षक पात्रता परीक्षा. सव्वीस वर्षं शिकवल्यावर कोर्टानं सांगितलं, जुन्या शिक्षकांनीही पास व्हा. दोन वर्षांची मुदत, पुढच्या ऑगस्टला संपते. नाही झालात, तर घरी जा.

आचल : ऐकलं होतं. आमच्या बाबांनी सांगितलं होतं की सारे मास्तर पुस्तकं घेऊन बसले आहेत म्हणून. पण तुमाले काय अवघड आहे, सर? तुमी तर पूर्ण तालुक्याचे स्कॉलरशिपचे पेपर सोडवून घेत होते.

शेषराव : तेच तर. सगळे हेच म्हणतात. बायको हेच म्हणते, केंद्रप्रमुख हेच म्हणतात. एकदा देऊन झाली माझी. एकशेपन्नासपैकी एकोणतीस.

आचल : एकोणतीस?

शेषराव : उत्तरपत्रिकेवर गोल रंगवायचे असतात. माझ्या हातात प्रश्नपत्रिका आली बी संचाची आणि मी गोल रंगवला सीचा. काळं बॉलपेन, खोडता येत नाही. शेकडो पोरांना मी तो गोल रंगवायला शिकवला आहे. हात धरून शिकवला आहे. पुढचे अडीच तास मी त्या एका गोलाकडे बघत बसलो. उत्तरं येत होती मला. हातच चालत नव्हता. शेवटी पर्यवेक्षक आला, माझ्या सोहमच्या वयाचा. काका, वेळ संपली, म्हणाला.

आचल : मग घरी काय सांगितलं?

शेषराव : सांगितलं की पेपर कठीण होता. वर्गात एक पोरगी आहे, चौथीतली. उभी राहून विचारते, सर, तुमाले किती पडले? मी म्हटलं, निकाल लागला नाही अजून. लागून आठ दिवस झाले होते. पोरांशी खोटं बोललो मी.

आचल : अन् ही गोळी कोणी सांगितली?

शेषराव : आमच्या शाळेतल्या गीतांजली मॅडम. त्यांना डॉक्टरांनी दिली होती. त्यांनी पेपराआधी घेतली, पास झाल्या. माझी दशा पाहून दोन गोळ्या काढून दिल्या, घरी घेऊन बघा म्हणाल्या. गेल्या रविवारी घड्याळ लावून सरावाचा पेपर सोडवला. गोळी घेऊन. हात असा स्थिर, जसा फळ्यावर असतो. एकशेदोन पडले, आचल. नव्वदला पास असतं. एकशेदोन.

आचल : अन् दुसरी गोळी?

शेषराव : तीही घेतली, बुधवारी. सत्याण्णव पडले. आता एकही उरली नाही. मॅडमकडे पुन्हा मागायला लाज वाटते. मला फक्त रविवारपुरती दे. मग मी मागणार नाही.

आचल : सर, श्वासाचं काय झालं होतं त्या दोन्ही दिवशी?

शेषराव : श्वासाचं काय?

आचल : तुमचा पंप टेबलाच्या ड्रॉवरमध्ये राहे, खडूच्या डब्याबाजूले. तुमाले धाप लागली की मीच धावत जाऊन आणे. दमा गेला का तुमचा?

शेषराव : दमा जात असतो का कधी? थोडी धाप लागली दोन्ही दिवस. पंप जास्त वेळा घ्यावा लागला. शेजारी तूर काढून राहिले होते, भुसा उडत होता.

आचल : भुसा नाही. ही गोळी दम्याच्या माणसाले चालतच नाही. छाती आवळते. अन् वरून पंप घेतला तर ही गोळी पंपालेच अडवते, तो नीट लागू पडत नाही. पेपरात धाप लागली तर तुमी बाहेरच येणार नाही त्या वर्गातून. गीतांजली मॅडमले तुमचा दमा माहीत आहे का?

शेषराव : शाळेत कोणाला माहीत नाही. बदली झाल्यापासून पंप खिशात ठेवतो. बाहेर जाऊन घेतो.

आचल : मग त्यांची चूक नाही. तुमीच लपवलं.

शेषराव : हे बघ, अडीच तासांचा प्रश्न आहे. दोनदा घेतली, काही झालं नाही. मी काही लहान मूल नाही. मुकाट्यानं एक पाकीट दे.

आचल : नाही देत.

शेषराव : आचल, मी तुझा शिक्षक आहे.

आचल : म्हणूनच नाही देत. अन् दिली तर माझी नोकरी जाईल.

शेषराव : माझीही जाईल. तुला दुसरी मिळेल. एकावन्नाव्या वर्षी मले कोण ठेवते? मले दुसरं येते काय? रात्रंदिवस अभ्यास केला मी, सहा महिने. बायकोले लग्नात जाऊ दिलं नाही, टीव्ही बंद ठेवला. सारं येते मले. पण तो कागद समोर आला की मले भेव लागते, आचल. लई भेव लागते.

आचल : सर, तुमी 'मले' म्हणाले.

शेषराव : काय?

आचल : वर्गात आमच्या तोंडातून 'मले' निघालं की पाच वेळा पाटीवर 'मला' लिहायले लावत होते तुमी.

शेषराव : पेपरात 'मले' चालत नाही, म्हणून. तुमचे मार्क जाऊ नयेत म्हणून. घरी मी असाच बोलतो. माय होती तोवर तर असाच बोले.

आचल : माझी स्कॉलरशिपची परीक्षा आठवते का तुमाले?

शेषराव : तुझी? नाही आठवत. पास झाली होतीस ना?

आचल : कोरा कागद देऊन आली होती मी. पाय गार पडले होते, एक अक्षर दिसत नव्हतं. दुसऱ्या दिवशी तुमी मले उभं केलं. साऱ्या वर्गासमोर म्हणाले, भीती कोणाले वाटते? ज्याचा अभ्यास नसते त्याले. मी घरी जाऊन झेंडूच्या वाफ्यात बसली अन् रडली. अभ्यास केला होता मी, सर. सारं येत होतं.

शेषराव : असं म्हटलं होतं मी?

आचल : हो.

शेषराव : दरवर्षीच म्हणत असेन मग. कोणा ना कोणा पोराले.

आचल : तसं नाही, सर. तुमच्यावर राग नाही मले. लहानपणी लई होता, आता नाही.

शेषराव : राग धर की. धरायलाच पायजे. चुकीचं बोललो मी. मले तेव्हा माहीतच नव्हतं, अभ्यास झाल्यावरही असं होते म्हणून.

आचल : बसा इथं स्टुलावर. पाणी घ्या.

शेषराव : आता रविवारी काय करू सांग. बिना गोळीचा गेलो तर पुन्हा एकोणतीस. मले माहीत आहे.

आचल : वर डॉक्टर बसतात, चार वाजता. त्यांना सारं सांगा. दमा सांगा, दोन गोळ्या घेतल्या ते सांगा. दम्यात चालते असं काही देतील, नाही तर दुसरं काही करायले सांगतील. रविवारच्या आत जमेल का, ते मी सांगू शकत नाही. खोटं कशाले बोलू?

शेषराव : तिथं कोणी ओळखीचं भेटलं तर? आमच्या गावचे लोक अकोल्यातच येतात दवाखान्यात.

आचल : मी तर भेटलीच ना.

शेषराव : लोक काय म्हणतील? पोरायचा पेपर घेणारा मास्तर, पेपरले भिऊन दवाखान्यात बसला.

आचल : खरंच आहे ते. अन् म्हणतीलही काही जण. पण रविवारी वर्गात श्वास अटकला, तर त्याहून जास्त म्हणतील. काकूले काय सांगाल?

शेषराव : तिले आजच सांगतो. एकोणतीसचंही सांगतो. लाव नंबर.

आचल : नाव तर मले माहीतच आहे. वय एकावन्न. तकलीफ काय लिहू? घाबरल्यासारखं होते, एवढंच लिहू का?

शेषराव : नाही. दमा लिही. अन् परीक्षेची भीती लिही. पूर्ण लिही.

आचल : व्यवसाय?

शेषराव : शिक्षक. पुढच्या ऑगस्टपर्यंत तरी शिक्षकच लिही.