पाटीवरचा रावबहादूर

गड्यांनो, परवा माझं डोकंच फिरलं. माझे पणजोबा इंग्रजांच्या काळात साताऱ्याला वकिली करायचे, पुढं आमच्या गावच्या नगरपालिकेचे अध्यक्ष झाले. सरकारनं त्यांना रावबहादूर केलं. मग एका आळीत स्वराज्याची सभा झाली, तसा कलेक्टरचा हुकूम आला, त्या आळीचं पाणी तोडा म्हणून. पणजोबांनी पाणी तोडलं नाही. खुर्ची सोडली आणि किताबही परत पाठवला.

आता चौकाला त्यांचं नाव दिलंय, आणि पाटीवर नावाआधी काय लिहिलंय? रावबहादूर. कुपवाडच्या कारखान्यातून रजा काढून मी नगरपालिकेत गेलो. तिथला साहेब म्हणाला, "आवं, ऱ्हाऊ द्या की. त्यानं नावाला वजन येतंय."

"त्यांनी टाकून दिलेलं वजन तुमी परत त्यांच्याच डोक्यावर ठेवलंय," मी म्हणालो.

"बदलायचं तर ठराव लागतोय."

मी सरळ शिडी लावली आणि तेवढा शब्द रंगानं झाकला. आठवड्यात नोटीस आली, सार्वजनिक मालमत्तेचं नुकसान केलं म्हणून. मी उत्तर लिहून दिलं, "होय, मीच पुसला. पुन्हा लिहिलात तर पुन्हा पुसेन."