एका दुपारपुरता कोच

नाही, तुम्हीच सांगा, टेनिसमध्ये टाळ्या कधी वाजवायच्या हे तिथं कुठं लिहिलेलं असतं का? चेंडू जाळीत गेला, सगळे गप्प, मला वाटलं, कोणीच वाजवत नाही तर आपण वाजवू, कुणाला तरी बरं वाटेल... तर तो चेंडू आमच्याच माणसाचा! अख्खं मैदान वळून माझ्याकडे बघतंय, आणि खाली आमचा खेळाडू कमरेवर हात ठेवून माझ्याकडेच बघतोय. अहो, मी ड्रायव्हर माणूस, मला काय कळतंय त्यातलं?

तुम्हाला सांगतो, माझं काम काय, तर स्पर्धेला आलेल्या खेळाडूंना हॉटेलवरून मैदानावर न्यायचं आणि हरले की विमानतळावर सोडायचं. बाकीचे मागं बसतात, कानात ते गाण्याचे बोळे घालून. हा आमचा खेळाडू मात्र पहिल्या दिवसापासून पुढं, माझ्या शेजारी. आणि बोलतो किती! काका, गाडी किती वर्षं चालवता, काका, दुपारी डबा कोण देतं, काका, हा रस्ता पुढं कुठं जातो... रस्ता कुठं जातो याच्याशी याला काय करायचंय? पण मी ओळखलं, याच्याशी आठवडाभर कोणी बोललेलं नाही. तिशी उलटलेली, गुडघ्याला पट्टी, सगळं सामान स्वतःच ओढणारा. जन्मभर कडेच्या मैदानांवर पात्रता फेऱ्या खेळून हरत आलेला, जिथं बघायला पंच सोडून कुणी नसतं. या वेळी कसा कोण जाणे, जिंकत गेला, आणि थेट मोठ्या मैदानावर, टीव्हीच्या कॅमेऱ्यासमोर.

आता माणसानं खूश व्हावं की नाही? याचं तोंड उतरलेलं. म्हणतो, "काका, उद्या आई बघणार." म्हटलं, मग चांगलंच आहे की. तर हळूहळू बाहेर आलं... आईला यानं सांगून ठेवलेलं, माझ्याबरोबर कोच असतो, मालिशवाला असतो, आम्ही सगळे मिळून जेवतो. कोच होता म्हणे पूर्वी. तो दुसऱ्या कुणाकडे गेला, आईला सांगायचं राहिलं, आणि इतकं राहिलं की मग सांगवेना. आणि मोठ्या मैदानावर खेळाडूच्या माणसांसाठी खुर्च्या राखलेल्या असतात, तो मेला कॅमेरावाला जरा काही झालं की तिकडंच कॅमेरा फिरवतो! मला म्हणतो, "काका, तुम्ही बसाल? अंगानं तुम्ही कोचसारखे दिसता." अंगानं म्हणजे पोटानं, न कळण्याइतका मी खुळा नाही. म्हटलं, बाबा, मी ड्रायव्हर माणूस, मला काय कळतंय त्यातलं? म्हणाला, कळायला नकोच, हाताची घडी घाला आणि काळजीत दिसा.

ते मात्र मला आपोआप जमलं. कारण समोरच्या खेळाडूची माणसं बघा... कोच, कोचवर कोच, आई, बाप, मैत्रीण, एकजण तर नुसता केळी सांभाळायला! आणि आमच्याकडे मी. मग मी काय केलं, एका खुर्चीवर स्वेटर टाकला, एकीवर डबा ठेवला, एकीवर पाण्याची बाटली. माणसं आहेत, जरा बाहेर गेलीत, असं वाटावं म्हणून.

आणि हा प्रत्येक पॉइंटनंतर वर बघायचा. जिंकला तरी, हरला तरी. इतकं तर माझ्याकडे माझ्या मुलानंही कधी बघितलं नाही, तो तर वर्षातून एकदा फोन करतो, तोही घाईत. मी आपली मूठ दाखवायचो. मधेच जवळ येऊन म्हणाला, "कोच, कुठं मारू?" आता काय सांगायचं? म्हटलं, डावीकडे. यानं मारला आणि पॉइंट गेला. अरे, मी समोर बसलेला, मी माझी डावी बाजू सांगितली, यानं त्याची घेतली! हरला, तुम्हाला सांगतो, सरळ हरला.

बाहेर आल्यावर त्याचा फोन वाजला. आई. थोडं बोलला, मग फोन माझ्या हातात... कोचशी बोलायचं म्हणते. मी फोन कानाला लावला. म्हटलं, नमस्कार ताई. आणि ती माऊली हळू आवाजात म्हणते, "भाऊ, तुम्ही कोच नाही ते मला ठाऊक आहे. इतकी वर्षं रोज फोन करतो, त्याच्या खोलीत दुसरं कोणी शिंकलेलंसुद्धा मी ऐकलं नाही. पण त्याला कळू देऊ नका. त्या माणसांबद्दल सांगताना त्याचा आवाज बरा असतो. आज तेवढं जेवू घाला त्याला."

हा समोर उभा. काय म्हणाली, काय म्हणाली? म्हटलं, कोच जरा जाड आहे म्हणाली. केवढा हसला! मग गाडीत बसून आम्ही दोघांनी माझा डबा खाल्ला, आणि मी त्याला विमानतळावर सोडलं. आत जाईपर्यंत मागं वळून बघत होता. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू.

तेव्हापासून जगात कुठंही हरला की फोन करतो. "कोच, हरलो." मी उचलतो, मला तरी दुसरं कोण फोन करतंय? परवा विचारलं, जेवलास का? म्हणाला, "हो, आम्ही सगळे मिळून जेवलो." अरे, कोच इथं गाडीत बसलाय, तर तिकडं सगळे म्हणजे कोण? पण म्हटलं जाऊ दे, मी ड्रायव्हर माणूस, मला काय कळतंय त्यातलं... म्हटलं, बरं केलंस. सगळ्यांना माझा नमस्कार सांग.