रुमालाखालची बोटं

—नाही हो मावशी, उपकार कसले, तसं म्हणू नका. आणि खाली कशाला बसता, या बाकावर बसा — ही स्टाफरूमच आहे, सगळे तासावर गेलेत, कोणी येणार नाही. रिसोडहून वाशीमपर्यंत उभ्यानं आलात? अगं बाई! तर माझं म्हणणं एवढंच की जानरावाला समजवा. माफीनाम्यावर सही केली की प्राचार्य सर त्याला उद्यापासून वर्गात बसू देणार, शिष्यवृत्तीचा कागदही पुढे जाईल. नाही केली तर नाव कमी. परीक्षा दीड महिन्यावर आली, बी.कॉम.चं दुसरं वर्ष, आणि त्याचं आपलं एकच — खोटं लिहिणार नाही. तुम्हाला वाचून दाखवला का त्यानं? नाही? थांबा. ‘रंगमंचावर मी जे केले ते माझ्या मनाने केले, मला कोणीही सांगितले नव्हते.’ झालं, एवढंच. काय? अक्षर? …हो, माझंच आहे. सर म्हणाले तुम्हीच लिहून द्या, म्हणून.

अगं आई! — काही नाही, शिपायानं घंटा दिली. माझं असंच आहे, जरा खुट्ट झालं की दचकते. काय सांगत होते? हां, शिबिर. दिवाळीच्या सुट्टीत मी नागपूरला एका शिबिराला गेले होते. तिथं एक बाई शिकवायच्या, की व्यापार शिकणाऱ्या मुलांनीसुद्धा चित्रं काढावीत, माती कालवावी, नाटकं करावीत — नुसतं पाठ करणारं पोर उद्या धंद्यात नवं काय काढणार? मला इतकं पटलं ना ते! इथं येऊन आठ दिवस तेच घेतलं. मुलं हसायची, ‘मॅडम, कॉमर्सले आलो का कुंभारकीले?’ — पण करायची. तुमचा जानराव चार दिवस मागच्या कोपऱ्यात. पाचव्या दिवशी त्यानं मातीचा बैल केला, बसताना पुढचे पाय कसे मुडपतो, हुबेहूब. मी म्हटलं, अरे, हा कुठं होता इतके दिवस!

शेवटच्या दिवशी प्रत्येकानं घराजवळचा एक धंदा हॉलमध्ये सगळ्यांसमोर, मुक्यानं करून दाखवायचा होता. त्यानं धान्याचा बाजार घेतला. अडत्या आणि गिऱ्हाईक रुमालाखाली हात धरतात, बोटं दाबून भाव ठरवतात, माल ज्याचा तो शेतकरी समोर नुसता उभा — तुम्ही तिथं रोज झाडायला-चाळायला जाता, तुम्हाला काय सांगायचं. मला कुठलं माहीत, माझे वडील अकोल्याला पोस्टात. तालमीत कोणीतरी म्हटलं, की रुमालच काढला तर? लोकांना दिसेल तरी — कोणीतरी काय. मी म्हटलं. मीच. तो म्हणाला, ‘मॅडम, तो रुमाल कोणी काढत नसते जी. माही माय तिथंच कामाले जाते.’ मी म्हटलं, अरे, हीच तर खरी कल्पकता, काढ, घाबरतोस काय! मी म्हटलं हे. मी, जी घंटेला दचकते.

आणि पाहुणे कोण, तर दौलतराव शेठ, तुमच्या बाजारातले मोठे अडते, ज्यांनी कॉलेजला हा हॉल बांधून दिला. पहिल्या रांगेत. जानरावानं रुमाल ओढला — गिऱ्हाइकाच्या हातात तीन बोटं; वळून शेतकऱ्याला दाखवली दोन. हॉलमध्ये शिट्ट्या काय, हसू काय, सगळी शेतकऱ्यांचीच तर पोरं. टाळ्या पहिल्यांदा कोणी वाजवल्या? मी. मग शेठ उठून गेले, आणि टाळ्या वाजवणारे हात मी पदराखाली घेतले.

सरांच्या खोलीत सरांनी विचारलं, ‘हे कोणी सुचवलं?’ जानरावानं माझ्याकडे एकदाच पाहिलं. मी म्हणाले, ‘सर, तालमीत असं नव्हतं.’ खोटं हो मावशी, धडधडीत खोटं. माझी नेमणूक तात्पुरती, वडील रिटायर होणार — कारणं आहेत, शंभर आहेत. पण त्यानं माझं नाव घेतलं असतं ना, तर सुटले असते मी. घेतलंच नाही. आणि तुमचं काम? चालू आहे ना? …दुसऱ्याच दिवशी नको म्हणाले? अरे देवा.

अशा बघू नका माझ्याकडे. काय? सांगितलं होतं त्यानं? सगळं? कधी? …त्याच संध्याकाळी. म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं, आणि तरी मघापासून ‘मॅडम, तुमच्यामुळं पोरगं बोलायले लागलं’ —

सरांकडे? आत्ता? तुम्ही याल सोबत? …हो. हो, बरोबर आहे तुमचं, एका वाक्याचं तर काम आहे — ‘मीच सांगितलं होतं’ — बस. तुम्ही फक्त शेजारी उभ्या राहा, मी सांगते, चला, माझी हिंमत आहे तोवर —

सर! तुम्ही इथं? …नाही सर, काही नाही. जानरावची आई आहे. त्यांना तेच समजावते आहे. हो सर, होईल ना, उद्यापर्यंत सही होईल.

बाई, ऐकलंत ना सर काय म्हणाले? हा कागद घ्या आणि मुलाची सही घेऊन या. उठा आता. माझा तास आहे.